दैवताची रचना आणि दैवताचे मागणे

ग्रीक दैवतकथांचा पाठ संपल्यावर प्रत्येक विद्यार्थ्याने स्वतःचे असे एक नवे ग्रीक दैवत कल्पून आणावे, हा उपक्रम इंग्रजी भाषक देशांतील शाळांतून रूढ आहे. तेथे शिकणाऱ्या मराठी मुलांच्या दप्तरांतून तो घरी येतो आणि आईवडिलांना ऐन रविवारी झ्यूसची वंशावळ चाळायला लावतो. (झ्यूसची अपत्ये इतकी आहेत की आणखी एक कोठेही खपून जाते, हा या उपक्रमाचा मोठाच आधार!) उपक्रमाची चौकट बहुधा ठरलेली असते : दैवताचे नाव, त्याचे अधिकारक्षेत्र, त्याचे आईवडील, हातातील वस्तू, आवडता पशू किंवा पक्षी, अंगची शक्ती आणि शेवटी त्याच्या पराक्रमाची एखादी कथा. या चौकटीतून हरवलेल्या किल्ल्यांची देवी, विजेच्या दिव्यांचा देव, उशिरा उठणाऱ्यांचा कैवारी असे कितीही नमुने घडवता येतात. त्यांत कल्पकता असते, विनोद असतो; क्वचित चित्रकलाही चांगली असते. तरीही ही दैवते दैवते वाटत नाहीत. ती खातेप्रमुख वाटतात. खाते ठरलेले, शिक्का ठरलेला, वाहन ठरलेले. पण कोणी त्यांच्या वाटेला जावे किंवा जाऊ नये, असे त्यांच्यात काही नसते.

हे असे का व्हावे, हा प्रश्न वरवर पोरकट वाटला तरी तो मिथकविचाराच्या गाभ्याशी जाऊन भिडतो. मराठीत मिथकाची चर्चा प्रामुख्याने दोन अंगांनी झाली : आदिबंधाच्या अंगाने आणि पुराणकथेच्या पुनर्कथनाच्या अंगाने. कर्ण, द्रौपदी, ययाती यांना आधुनिक लेखकाने कसे वळवले, याचा विचार पुष्कळ झाला आहे. परंतु जे दैवत आधी नव्हतेच, ते भाषेच्या बळावर उभे करता येते काय आणि आल्यास कोणत्या अटींवर, हा प्रश्न त्या मानाने बाजूला राहिला. तो बाजूला राहण्याचे कारण उघड आहे. दैवत ही लोकमानसाची निर्मिती, ती व्यक्तीच्या हातची गोष्ट नव्हे, असे एक गृहीत लोकसाहित्याच्या अभ्यासातून समीक्षेत आले आणि स्थिरावले. मग व्यक्तीने निर्माण केलेल्या दैवतासाठी अलंकारशास्त्रातील एकच खण उरतो : चेतनगुणोक्ती.

चेतनगुणोक्तीचा उल्लेख येथे सहज केलेला नाही. ग्रीक दैवत रचण्याच्या उपक्रमाला मराठी शाळेत जवळचा असा एक निबंधप्रकार आहे. फाटक्या पुस्तकाचे आत्मवृत्त, नदीचे मनोगत, पडक्या किल्ल्याची कैफियत, जुन्या छत्रीची आत्मकथा : मराठी माध्यमात शिकलेल्या कोणाही व्यक्तीने यांपैकी एखादा निबंध लिहिलेला असतोच. या प्रकारातही निर्जीवाला चैतन्य द्यायचे असते. पण त्याची मांडणी ग्रीक उपक्रमाच्या नेमकी उलट आहे. मराठी निबंधातली नदी बोलते ती गाऱ्हाणे सांगण्यासाठी. पुस्तकाची पाने फाडली गेलेली असतात, किल्ल्याच्या भिंतींवर नावे कोरलेली असतात, छत्री अडगळीत पडलेली असते. त्या वस्तूला मन असते, स्मृती असते, दुःख असते. नसते ती शक्ती. ऐकणाऱ्याला ती शासन करू शकत नाही, फार तर त्याला लाजवू शकते. ग्रीक उपक्रमातील दैवताला शक्ती असते आणि गाऱ्हाणे नसते. मराठी निबंधातील वस्तूला गाऱ्हाणे असते आणि शक्ती नसते. दैवत निर्माण होण्यासाठी या दोहोंची गाठ पडावी लागते, हे प्रमेय प्रस्तुत लेखात तपासून पाहावयाचे आहे. दैवत म्हणजे केवळ सामर्थ्यवान कल्पना नव्हे. जिला काही हवे आहे आणि ते न मिळाल्यास जी काही करू शकते, अशी ती कल्पना असते.

आधी व्यक्ती आणि लोकमानस या द्वंद्वाचा निकाल लावला पाहिजे. खुद्द ग्रीक परंपराच या द्वंद्वाला दाद देत नाही. इसवी सनापूर्वी सातशेच्या सुमारास होऊन गेलेल्या हेसिअडने 'थिओगनी'मध्ये देवांची वंशावळ लावली. तिच्यात झ्यूस आणि अपोलो यांच्याबरोबरच भूक, कष्ट, विस्मृती, कलह यांनाही जन्म मिळाला. पुढे 'कार्ये आणि दिवस' या काव्यात त्याने स्वतःचेच म्हणणे दुरुस्त केले : कलह ही देवी एक नसून दोन आहेत, एक युद्धाला लावणारी आणि दुसरी शेजाऱ्याची भरभराट पाहून आळशालाही नांगराला हात घालायला लावणारी. म्हणजे गरजेप्रमाणे कवी नवी देवी मोजू शकतो. याच काव्याच्या उत्तरार्धात लोकांच्या तोंडी येणाऱ्या बदनामीपासून दूर राहण्याचा सल्ला देताना, पुष्कळांनी बोललेली गोष्ट पुरती मरत नाही, तेव्हा 'फीमी' म्हणजे लोकवार्ता हीदेखील एक देवताच होय, असे तो सांगून टाकतो. येथे दैवत घडताना दिसते. पुराव्यासह, युक्तिवादासह, एका शेतकरी कवीच्या हातून. आणि हे केवळ काव्यात राहिले नाही. अथेन्समध्ये फीमीची वेदी होती. इसवी सनापूर्वीच्या चौथ्या शतकातील वक्ता एस्खिनीस आणि इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील प्रवासी पौसानिअस या दोघांनीही तिची नोंद केली आहे.

याहून अडचणीचे उदाहरण ग्लायकॉनचे आहे. काळ्या समुद्राच्या काठी अबोनोतायखोस या गावी इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात अलेक्झांडर नावाच्या गृहस्थाने मानवी मुखाचा एक सर्पदेव प्रकट केला. लूशियनच्या उपहासपर वृत्तांतानुसार सर्प पाळीव होता आणि त्याचे मुख कापडाचे. पण अलेक्झांडरला दैवत कसे रचावे याची जाण होती, यात शंका नाही. त्याने ग्लायकॉनला आरोग्यदेव अस्क्लीपिअसचा नवा अवतार ठरवले आणि झ्यूसशी त्याचे रक्ताचे नाते जोडून दिले. म्हणजे आईवडिलांचा रकाना त्याने रिकामा ठेवला नाही. शिवाय हा देव प्रश्नांना उत्तरे देई आणि उत्तराचे दाम घेई. लूशियनने त्याची यथेच्छ टर उडवली तरी ग्लायकॉनची नाणी पडली. १९६२ साली रुमानियातील कॉन्स्टान्त्सा येथे या देवाची घोटीव शिल्पमूर्ती उत्खननात मिळाली, तेव्हा त्या शिल्पकाराला कापडी मुखाशी काही कर्तव्य नव्हते, हे स्पष्ट झाले. निर्मात्याचा लबाडपणा सिद्ध झाला की दैवत खोटे ठरते, हा बुद्धिवादी समज वाङ्मयीन समीक्षेला फारसा उपयोगी नाही. कवीचे चारित्र्य आणि कवितेचे सामर्थ्य यांच्याबाबत हा फरक समीक्षेने केव्हाच मान्य केला आहे.

आता महाराष्ट्राकडे, आणि त्यातही छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) परिसराकडे वळता येईल. वेरूळच्या सहाव्या क्रमांकाच्या लेण्यात गर्भगृहाबाहेरील भिंतीवर एक देवी उभी आहे. तिच्याजवळ मोर आहे आणि पायाशी एक अभ्यासक पोथी वाचत बसला आहे. समोरच्या भिंतीवर तारा आहे. मोर आणि पोथी पाहून प्रेक्षक तिला सहज सरस्वती समजतो. ती महामायूरी होय, आणि तिची जन्मकथा दैवतनिर्मितीच्या अभ्यासकाने मुळातून वाचण्यासारखी आहे. कारण महामायूरी ही आधी देवी नव्हती. ती एक संहिता होती.

'महामायूरी विद्याराज्ञी' या बौद्ध ग्रंथातील निमित्तकथा अगदी घरगुती आहे. स्वाती नावाचा एक तरुण भिक्षू संघाच्या स्नानाचे पाणी तापवण्यासाठी लाकडे फोडत असताना त्याला साप डसतो. आनंद धावत बुद्धाकडे जातो. बुद्ध त्याला मोराचा मंत्र सांगतो आणि त्या मंत्राची कथाही सांगतो : हिमालयाच्या दक्षिण उतारावर सुवर्णावभास नावाचा मयूरराज राहत असे. तो सकाळ-संध्याकाळ हा मंत्र म्हणे आणि निर्धास्त हिंडे. एकदा लांडोरींच्या संगतीत तो रमला, मंत्र म्हणायचा राहिला आणि पारध्यांच्या फासात सापडला. पाशात असताना त्याला मंत्र आठवला व तो सुटला. मोर सापाला खातो, या साध्या निरीक्षणावर हे सारे उभे आहे. 'बावर हस्तलिखित' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्राचीन भूर्जपत्रांतही या मंत्राचा भाग आढळतो, म्हणजे त्याचा प्रसार मध्य आशियापर्यंत झालेला होता. आठव्या शतकात अमोघवज्राने त्याचे चिनी भाषांतर केले, आणि ते पहिले नव्हते.

मंत्राची देवी कशी झाली? एक कारण व्याकरणाचे आहे. मंत्राला येथे शब्द आहे 'विद्या', आणि विद्या स्त्रीलिंगी आहे. मंत्रांतला श्रेष्ठ मंत्र म्हणजे 'विद्याराज्ञी'. राज्ञी म्हटले की मुकुट आला, हात आले, वाहन आले. शिल्पकाराने फक्त व्याकरणाचे म्हणणे ऐकले. ग्रीकांकडेही हेच दिसते. शांती, विजय, न्याय, दैवगती, कलह यांच्यासाठी त्यांच्याकडे जे शब्द आहेत, आयरीनी, नायकी, डायकी, टायकी, एरिस, ते सारे स्त्रीलिंगी आहेत आणि म्हणून त्या साऱ्या देवी आहेत. शाळेच्या तक्त्यात दैवताचे लिंग विद्यार्थ्याच्या मर्जीवर सोडलेले असते. जुन्या भाषांत तो निर्णय शब्दाने आधीच घेतलेला असतो, आणि इंग्रजीतून विचार करणाऱ्या मुलाच्या हाती हे साधनच नसते.

परंतु व्याकरण पुरे पडत नाही. महामायूरीच्या संहितेत एक लांबलचक यादी येते : कोणत्या नगरात कोणता यक्ष नांदतो. १९१५ साली सिल्व्हँ लेव्ही यांनी या यादीचा प्राचीन भूगोलाचे साधन म्हणून अभ्यास केला. समीक्षेच्या दृष्टीने ती यादी वेगळ्याच कारणासाठी महत्त्वाची ठरते. नव्या देवीने जुन्या स्थानिक दैवतांना हाकलले नाही. त्यांची गावनिहाय नोंद घेतली आणि मंत्र म्हणणाऱ्याच्या रक्षणाचे काम त्यांना वाटून दिले. ग्रीक उपक्रमातील 'आईवडील' या रकान्याचे खरे कार्य हेच आहे. नवे दैवत कोणाचे कोण, हे सांगणे म्हणजे आधीच्या वस्तीशी त्याने केलेला करार सांगणे. महाराष्ट्रात हे वेगळे समजावून देण्याची गरज नाही. खंडोबाला वाण्याची म्हाळसा आणि धनगराची बाणाई अशा दोन बायका आहेत. दोघींची भांडणे गाण्यांतून आजही ऐकू येतात आणि त्या भांडणांत दोन जीवनपद्धतींचा शेजार बोलतो. दा. ध. कोसंबी यांनी 'मिथ अँड रिॲलिटी' (१९६२) या ग्रंथात म्हसोबा आणि जोगूबाई यांच्या विवाहाकडे याच दृष्टीने पाहिले, रा. चिं. ढेरे यांनी 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' (१९८४) या ग्रंथाच्या शीर्षकातच ही प्रक्रिया नोंदवली. एकटे दैवत नसते. आईवडिलांचा रकाना शोभेसाठी भरला की दैवत पोरके राहते, हे शालेय नमुन्यांत पदोपदी जाणवते.

महामायूरीचे मागणेही नेमके आहे. मंत्र विसरू नये, एवढेच तिला हवे आहे. मयूरराजाचा अपराध पाप नव्हता, विसर होता; आणि ज्या संघात सारी विद्या पाठांतरावर टिकून होती, त्या संघाला विसर हीच सर्वांत मोठी भीती वाटली असणार. तिच्या पायाशी पोथीत डोके घालून बसलेला तो वाचक भक्त आहे की विद्यार्थी, हा प्रश्न तेथे विचारण्यात अर्थ नाही. वाचणे हीच तिची पूजा आहे.

अजिंठ्याच्या दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यातील हारीतीचा उल्लेख येथे अपरिहार्य ठरतो. दुसऱ्यांची मुले खाणारी ही यक्षिणी. बुद्धाने तिचे एक मूल लपवले आणि तिला पुत्रवियोग कळला, तेव्हा ती मुलांची रक्षणकर्ती झाली. पण ती फुकट बदलली नाही. मी आता खाऊ काय, हा तिचा प्रश्न होता. विहारांतून रोज तिच्यासाठी अन्न ठेवले जाईल, असा करार झाला. सातव्या शतकाच्या अखेरीस भारतात आलेल्या इत्सिंगने विहारांच्या भोजनस्थानी तिच्यापुढे नित्य अन्न ठेवले जात असल्याचे लिहून ठेवले आहे. अजिंठ्यातील शिल्पात ती पांचिकासह बसली आहे आणि आसनाखालच्या पट्टीत एक शाळा भरलेली आहे : छडी घेतलेले गुरुजी, पुढे मुकाट अभ्यास करणारी मुले, मागे दंगा करणारी. दैवत रचण्याचा उपक्रम देणाऱ्या शिक्षकांनी हे शिल्प एकदा पाहावे. शक्ती, भूक, अपराध, करार आणि मुले : दैवताच्या कथेत जे लागते ते सगळे तिथे एका कोनाड्यात आहे.

येथे हेरमान उझेनर यांचे मत विचारात घेणे आवश्यक ठरते. 'ग्योटरनामेन' (१८९६) या ग्रंथात त्यांनी दैवतांच्या तीन अवस्था कल्पिल्या : क्षणापुरते प्रकटणारे दैवत, एकेका कार्यापुरते दैवत आणि व्यक्तिमत्त्व असलेले दैवत. कार्यदैवताच्या नावाचा मूळ अर्थ जेव्हा भाषेतून लोपतो, तेव्हाच ते नाव विशेषनाम होते आणि दैवताला व्यक्तिमत्त्व येते, असा त्यांचा सिद्धान्त आहे. एर्न्स्ट कासीरर यांनी १९२५ साली भाषा आणि मिथक यांचा विचार करताना त्याचा विस्तार केला. मराठीत या सिद्धान्ताला सटवाईइतके चांगले उदाहरण शोधून सापडणार नाही. सटवाई म्हणजे षष्ठी, म्हणजे सहावी. ती मूळची एक तिथी आहे. अर्भकाच्या जन्मानंतरच्या पहिल्या आठवड्यातच त्याला धनुर्वातासारख्या व्याधींनी गाठावे, हा शतकानुशतकांचा अनुभव त्या रात्रीला चिकटला आणि तिथीची देवी झाली. आज 'सटवाई' म्हणताना कोणालाही सहा हा आकडा ऐकू येत नाही. उलट 'सटवी' ही शिवीही झाली आहे. ज्या दैवताच्या नावाने शिवी देता येते, त्याच्या व्यक्तिमत्त्वाबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. पाटाशेजारी कोरा कागद आणि लेखणी ठेवावी लागते, दिवा विझू द्यायचा नसतो, कोणी तरी जागे राहावे लागते. ही तिची मागणी, आणि लेख तिचा.

तथापि उझेनर यांचा सिद्धान्त जसाच्या तसा स्वीकारता येत नाही. टायकी म्हणजे दैवगती, हे प्रत्येक ग्रीक माणसाला ऐकू येत होते. तरी तिची देवळे होती. महामायूरी म्हणजे थोरली मोरीण, हे संस्कृत जाणणाऱ्या प्रत्येकाला कळत होते. तरी वेरूळला ती कोरली गेली. तेव्हा नाव अपारदर्शक होणे ही व्यक्तिमत्त्वाची पूर्वअट नाही, तो त्याचा परिणाम असू शकतो. दैवत मागू लागले की लोक त्याच्या नावाचा अर्थ विचारणे सोडून देतात.

हा निकष आधुनिक मराठी कवितेला लावून पाहिला, तर काही प्रस्थापित निर्णयांचा फेरविचार करावा लागतो. वि. दा. सावरकरांचे १९०३ मधील स्वतंत्रतेचे स्तोत्र घ्यावे. देशभक्तिपर कविता म्हणून त्याचे कौतुक झाले, समूहगीत म्हणून ते घराघरांत पोचले; परंतु त्यात एक नवी देवी घडवली गेली आहे, याची दखल 'अमूर्त कल्पनेवरील मानवी आरोप' या शब्दांपलीकडे क्वचितच गेली. तिची घडण पाहण्यासारखी आहे. मराठीत रूढ शब्द 'स्वातंत्र्य' हा आहे आणि तो नपुंसकलिंगी आहे. स्वातंत्र्याची चळवळ होते, स्वातंत्र्याचा जाहीरनामा निघतो, पण स्वातंत्र्याला भगवती म्हणता येत नाही. सावरकरांनी 'स्वतंत्रता' हे रूप निवडले, हा वृत्ताच्या सोयीचा प्रश्न नव्हे. तो दैवतनिर्मितीचा पहिला निर्णय आहे. विद्येची विद्याराज्ञी झाली तीच ही प्रक्रिया.

दुसरा निर्णय आप्तसंबंधांचा. कवी तिला वेदान्ताच्या मोक्षाशी एकरूप करतो. म्हणजे परंपरेतील सर्वोच्च पुरुषार्थाला तो तिचे जुने नाव ठरवतो. हिमालयात शंकराच्या शेजारी तिचे घर असते, गंगेच्या प्रवाहाशी तिची सलगी असते. तिसरा निर्णय सर्वांत महत्त्वाचा आहे, आणि येथेच ही कविता चेतनगुणोक्तीच्या पलीकडे जाते. कवी देवीला विचारतो की तुला इथला कंटाळा आला काय, तू ही भूमी का सोडलीस. तिला रुसवा आहे, लहर आहे, जाण्याची मुभा आहे. जी कल्पना रुसू शकते, ती केवळ कल्पना राहत नाही. शेवटी तिचे मागणे येते, आणि ते जिवाचे आहे. तिच्यासाठी मरणे आणि तिच्यावाचून जगणे यांची किंमत कवी उलटी लावतो. आसन, रुसवा आणि नैवेद्य अशी सारी सामग्री येथे आहे. म्हणून ही देवी कवितेबाहेर चालू लागली. तिने मागितलेला नैवेद्य अनेकांना घातक वाटला, आजही वाटू शकतो. पण घातक वाटणे ही तिच्या दैवतपणाविरुद्धची साक्ष नव्हे. हारीतीही मुले खात असे.

याच्या अगदी विरुद्ध टोकाला जोतीराव फुले यांचा 'निर्मीक' उभा आहे. १८९० साली फुले निवर्तले आणि पुढच्या वर्षी 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' प्रसिद्ध झाले. त्यात ईश्वरासाठी जे नाव वापरले आहे, ते रूढ नावांपैकी एकही नाही. राम, कृष्ण, शंकर, विठ्ठल तर नाहीतच, पण परब्रह्मही नाही. निर्मीक म्हणजे निर्माण करणारा : नाव संपूर्ण पारदर्शक, कार्य एकच. वंशावळ नाही, अवतार नाहीत, वाहन नाही, पत्नी नाही. पुढे संवादाच्या रूपात फुले पूजा, नैवेद्य, नामस्मरण यांचा एकामागून एक निकाल लावतात. निर्मीकाला फुले वाहण्याची गरज नाही, कारण ती त्यानेच माणसांसाठी निर्माण केली. त्याला अन्न दाखवण्याची गरज नाही, कारण त्याला भूक नाही. एकामागून एक रकाने काढून टाकत नेलेला हा तक्ता आहे. शालेय उपक्रमाच्या गुणपत्रिकेत निर्मीकाला फार कमी गुण मिळतील.

यावरून फुल्यांना मिथकनिर्मितीची प्रतिभा नव्हती, असा निष्कर्ष काढणे भाबडेपणाचे ठरेल. 'गुलामगिरी' (१८७३) मध्ये त्यांनी खंडोबाला बळीराजाच्या नऊ खंडांच्या कारभाराशी आणि म्हसोबाला 'महासुभा' या अधिकारपदाशी जोडून दिले, तेव्हा दैवताचे पुन्हा अधिकाऱ्यात रूपांतर कसे करावे, हे त्यांनी दाखवले. या व्युत्पत्ती भाषाशास्त्राला मान्य होणार नाहीत, आणि त्यांचे काम भाषाशास्त्राचे नव्हतेही. आरंभी शालेय दैवते खातेप्रमुखांसारखी वाटतात, असे म्हटले. तेथे जो दोष आहे तो फुल्यांकडे शस्त्र आहे. ज्यांच्या नावाने शतकानुशतके मागण्या वसूल झाल्या, त्या दैवतांना कारभारी ठरवले की त्यांच्याकडे हिशेब मागता येतो. निर्मीक ही त्याच विचाराची पुढची पायरी होय. मागण्याचे सामर्थ्य ज्याला मुद्दामच दिलेले नाही, असा तो ईश्वर आहे. मध्ये उभा राहून त्याच्या वतीने मागणारा पुरोहित त्यामुळे निकामी होतो. मात्र या निर्णयाची किंमतही मोजावी लागली. निर्मीकाला कथा नाही. अखंडांतून त्याचे गुणगान होते, पण त्याच्याविषयी आजीने नातवाला रात्री सांगावे असे काही नाही. त्याला मानणाऱ्या समाजांतही घराघरांत जागा मिळाली ती कथा असलेल्या बळीराजाला. फुल्यांना हे ठाऊक नसेल, असे मानण्याचे कारण नाही. दैवताला मागणे नको आणि कथाही हवी, हा पेच त्यांनी सोडवला नाही, आणि आजवर तो कोणी सोडवल्याचे दिसत नाही.

अलीकडचे एक उदाहरण महाराष्ट्राबाहेरचे आहे. २०१० साली चंद्रभान प्रसाद यांच्या पुढाकाराने उत्तर प्रदेशातील लखीमपूर खेरी जिल्ह्यातल्या बांका या गावी 'इंग्रजी देवी'चे मंदिर उभारण्याचे काम सुरू झाले. एका हातात लेखणी, दुसऱ्या हातात संविधान, पायाखाली संगणक. प्रशासनाने परवानगीच्या मुद्द्यावर बांधकाम थांबवले. मूर्तीची ही कल्पना ऐकणाऱ्याला शालेय तक्त्याची आठवण झाल्यावाचून राहत नाही, आणि पुष्कळांनी तिला हसून वाटेला लावले. परंतु दलितांना इंग्रजी शिका असे सांगणाऱ्या या देवीचे मागणे स्पष्ट होते आणि ते पुरे न केल्यास काय होते, हेही तिच्या भक्तांना अनुभवाने माहीत होते. तिला उणीव होती ती नातलगांची. आसपासच्या कोणत्याही देवळाशी तिचे भांडणही नव्हते आणि सोयरीकही.

दैवताचे अधिकारक्षेत्रच नष्ट झाले तर त्याचे काय होते, हा प्रश्न शालेय उपक्रमात कधी विचारला जात नाही. मराठी भाषेने त्याचे उत्तर देऊन ठेवले आहे. मसुरिका या रोगाला मराठीत वेगळे चालू नावच नव्हते. रोग म्हणजेच 'देवी'. अंगावर देवी येत, आणि त्यांना अटकाव करणाऱ्या लशीलाही माणसे देवी टोचणे म्हणत. एकाच शब्दात रोग, रोग देणारी आणि रोग टाळणारी सुई अशी तिन्ही सामावून गेली. १९७५ नंतर भारतात या रोगाचा रुग्ण आढळला नाही. मे १९८० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने रोग समूळ नष्ट झाल्याचे जाहीर केले. अधिकारक्षेत्र संपले. शीतलेची ठाणी मात्र राहिली. गोवर आणि कांजिण्या तिच्याकडे आल्या, थंड नैवेद्य चालू राहिला. २०२१ साली कोइमतूरला 'कोरोना देवी'ची मूर्ती बसवली गेली, तेव्हा तिला स्वतःची अशी नवी कथा रचावी लागली नाही. जुनी कथा मोकळीच होती.